हीटरची जाळी

लढाई संपल्यावर नगरच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव सुरू झाले. तंबू, पेट्या, बूट, ट्रक, काय वाटेल ते तिथं विकायला येई. त्यातच आमच्या दवाखान्याला एक अमेरिकन मोटार मिळाली आणि ती माझ्या ताब्यात आली. मी तेव्हा मिशनच्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर होते. बाळंतिणी आणि लहान मुलं हे माझं काम, आणि त्यातलं निम्मं आसपासच्या खेड्यांतलं. तोवर मी टांग्यानं, बैलगाडीनं, नाहीतर बाजाराला निघालेल्या एखाद्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जात असे. मोटार आली तेव्हा मला ती चालवता येत नव्हती. कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी मैदानावर मला शिकवलं. ते शेजारी ताठ बसून एवढंच सांगायचे, की बाई, समोर पाहा, माझ्याकडे पाहू नका.

त्या मोटारीत हीटर होता. पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांशी, इंजिनाच्या अलीकडच्या पत्र्याला, एक बिस्किटाच्या डब्याएवढी काळी पेटी टांगलेली होती. तिच्या आत तांब्याच्या बारीक नळ्यांची एक जाळी आणि जाळीमागे एक छोटा पंखा. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून त्या जाळीत खेळायचं आणि पंखा त्याची ऊब आत सोडायचा. हे पाहायला लोक मुद्दाम यायचे आणि हसून जायचे. सुभेदारांचं मत असं पडलं, की ही मोटार कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात जायची होती आणि चुकून आपल्याकडे उतरली. उन्हाळ्यात मलाही ते पटायचं.

पण नगरची थंडी ज्यांनी मोकळ्या माळावर खाल्ली आहे त्यांना ठाऊक आहे, की पौष-माघातला तिथला वारा घोंगडीतूनही आत येतो. पहिल्याच हिवाळ्यात मी राहुरीकडची एक बाळंतीण घेऊन आले. मोटारीत चढवली तेव्हा तिचे दात वाजत होते आणि दवाखान्याच्या दारात उतरवायला गेलो तर ती गाढ झोपली होती. त्या दिवसापासून माझ्या बॅगेतल्या चिमट्या-कात्र्यांइतकाच हीटरही मी माझं अवजार समजू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षाच्या अखेरीला, तो गळायला लागला.

पहिल्यांदा ते माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. ते एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि लग्न होऊन घरात आल्यावर मीही तेच म्हणू लागले. एका रविवारी चर्चला जाताना ते माझ्या शेजारी बसले होते. उतरले ते डावा पाय झटकत. मोजा ओला झाला होता. त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात समोरची काच आतून धुरकटायला लागली. एका हातानं चाक धरायचं आणि दुसऱ्या हातानं पदरानं काच पुसायची, असं मी भिंगारपासून घरापर्यंत आले. मग एकदा आमच्या नर्सच्या पायावर कढत थेंब पडले. त्यानंतर ती मागेच बसायला लागली.

मी मोटार एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, की आतली जाळी सडलीय, काढून टाका. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या की इंजिनाला काही फरक पडत नाही, आणि त्या जागेत जेवणाचा डबा छान बसेल. त्याचं म्हणणं मोटारीपुरतं बरोबर होतं. मी म्हटलं, मला हीटर पाहिजे. तो म्हणाला, मग जाळी आणा, बसवून देतो. पण तशी जाळी पुण्यात मिळेना, मुंबईला निरोप धाडला तर तिथंही मिळेना.

मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जेवताना जाहीर केलं, की जाळी मी आणीन आणि मीच बसवीन, घरी. मी भिंतीकडे पाहिलं. मास्तरांनी त्याआधी घरातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून ते केवळ शोभेला होतं. सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं, की मोटार दवाखान्याची आहे ना? घड्याळ आपलं होतं.

पण मास्तर चिकट माणूस. शाळा सुटली की सायकल काढायची आणि कॅम्पातल्या भंगारवाल्यांच्या वखारी धुंडाळायच्या, असं त्यांनी चालवलं. एके संध्याकाळी ते कॅरिअरला गोणपाटात काहीतरी बांधून आले. आमच्यासारख्याच एका मोटारीचं नाक कुठंतरी झाडावर आपटून चेंदलं होतं, पण तिच्या पोटातली हीटरची जाळी शाबूत राहिली होती. ती आमच्या जाळीपेक्षा बोटभर उंच होती. मास्तर म्हणाले, बोटभराचं काय एवढं.

ती गळते का ते आधी पाहायला हवं होतं. त्यासाठी सासूबाईंचं आंघोळीचं घंगाळ लागलं. मास्तरांनी जाळीच्या एका नळीत लाकडी बूच ठोकलं, दुसरीला सायकलचा पंप लावला आणि जाळी पाण्यात बुडवून हवा भरली. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची रांग वर आली. मला वाटलं, झालं, पण मास्तर उलट खूश झाले. भोक सापडलं की निम्मं काम झालं, असं ते म्हणाले. शाळेच्या प्रयोगशाळेतून डाग द्यायची सळई आणून त्यांनी तिथं कथिलाचा डाग दिला. डाग चांगला हरभऱ्याएवढा झाला, पण बुडबुडे थांबले. घंगाळाला लागलेला तेलाचा तवंग घासायचं काम मात्र सासूबाईंनी मास्तरांकडूनच करून घेतलं.

बसवायचा दिवस शनिवार ठरला. रविवारी आमच्याकडे हत्याराला हात लावायची सोय नव्हती. नाताळ अगदी तोंडावर आला होता आणि सासूबाई सकाळपासून करंज्या तळायला बसल्या होत्या. मोटार अंगणात लिंबाखाली उभी केली होती. मास्तरांनी रेडिएटरच्या खालची तोटी उघडून इंजिनातलं सगळं पाणी बादलीत काढलं. गाळलेल्या नाचणीच्या पेजेसारखं ते पाणी दिसत होतं.

पेटी चार नटांवर टांगलेली होती आणि ते नट पेटीच्या मागच्या बाजूला, हाताला पोचायला अवघड अशा जागी होते. मास्तरांचा हात मनगटाशीच अडायचा. त्यांनी खूप खटपट केली, सोलून घेतलं, मग बाजूला झाले. मी पदर खोचला आणि मोटारीच्या दारातून उलटी आत जाऊन पाठीवर पडले. माझे हात लहान आहेत. डोळ्याला दिसत नाही तिथं काय आहे हे बोटांनी ओळखायचं आणि न दुखवता सोडवायचं, हेच मी रोज करत होते. एकेक नट हाताला लागत गेला आणि सुटत गेला. मास्तर बाहेरून पाने देत होते. दवाखान्यात नर्स जशी हातात हत्यार ठेवते तसं ते ठेवायला लागले, तेव्हा मला हसू आलं आणि त्याच क्षणी शेवटचा नट सुटून पेटी माझ्या छातीवर आली. तिच्यात उरलेलं गंजकं पाणी माझ्या गळ्यातून मागं पाठीपर्यंत गेलं.

पेटी चटईवर उघडली. पंख्याच्या मागे उंदरानं घरटं केलं होतं, आणि ते शुभ्र कापसाचं होतं. दोन महिने मी आमच्या नर्सला विचारत होते, की बॅगेतला कापूस इतक्या लवकर कसा संपतो. जुनी जाळी पाहिली तर आमच्या विहिरीच्या पाण्याचा क्षार तिच्या नळ्यांत चुन्यासारखा बसला होता आणि खालच्या कडेला हिरवा डाग पडून तिथं टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. तेवढ्याशा भोकानं आम्हाला महिनाभर नाचवलं होतं.

नवी जाळी पेटीत घालून पाहिली तर ती बसेना. बोटभराचं काय एवढं, असं मी म्हटलं नाही. मास्तर पेटीचा काठ ठोकून बाहेर वाकवायला लागले. त्या ठोकठोकीत फाटकाशी टांगा थांबलेला आम्हाला ऐकूच आला नाही.

एक तरुण शेतकरी आत आला. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, पायांवर धुळीचा थर. तो मिरजगावचा होता. पहाटे एका ट्रकवर बसून निघाला होता आणि दवाखान्यात विचारून आमच्या घरी आला होता. त्याची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला महिना-दीड महिना बाकी होता, पण कालपासून कळा येत होत्या, आणि सुईण म्हणत होती की पोर पायाळू आहे, माझ्यानं होणार नाही.

हे सांगता सांगता त्याचं लक्ष मोटारीकडे गेलं. बॉनेट उघडं, दारं उघडी, निम्मं सामान चटईवर.

मग हळूच म्हणाला, “मोटार मोडलीया जनू.”

“मोडली नाही,” मी म्हटलं. “उघडलीय.”

मी मास्तरांना विचारलं, की जाळी बसवून पेटी जागेवर जायला किती वेळ लागेल. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं, की संध्याकाळ होईल.

“मग जाळी राहू द्या,” मी म्हटलं. “त्या दोन नळ्या एकमेकींना जोडा. गॅरेजवाला म्हणत होता तसं.”

मास्तर क्षणभर हातातल्या हातोडीकडे पाहत राहिले. इतके दिवस ते त्या जाळीच्या मागे होते. पण ते उठले. नळ्यांची तोंडं जोडायला मध्ये धातूच्या नळीचा एक तुकडा लागणार होता आणि तसा तुकडा घरात नव्हता. मास्तर सायकलीकडे निघाले होते, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांच्या हातात दिवाणखान्याच्या पडद्याची पितळी नळी होती. पडदा त्यांनी खुर्चीवर काढून ठेवला होता.

“ही चालेल का बघ,” सासूबाईंनी मास्तरांना विचारलं.

नळी चालली, जरा घट्टच बसली. मास्तरांनी तिचा वीतभर तुकडा कापला, दोन्ही रबरी नळ्या त्याच्यावर चढवल्या आणि पट्ट्या आवळल्या. इंजिनात पुन्हा पाणी भरलं. मी तोवर आंघोळ करून बॅग भरली. निघताना मास्तर पुढच्या सीटवर येऊन बसले. मी म्हटलं, तुम्ही कशाला. ते म्हणाले, तो जोड माझा आहे, सुटला तर मला पाहायला हवा. मागच्या सीटवर तो भाऊ, आणि त्याच्या मांडीवर सासूबाईंनी दिलेला गरम करंज्यांचा डबा. त्यानं वाटेत एकही खाल्ली नाही. मी आग्रह केला तर म्हणाला, बहिणीचं कळल्याबिगर घास उतरायचा न्हाई.

रुईछत्तिशी मागे पडेपर्यंत मास्तर दर थोड्या वेळानं वाकून त्या जोडाला हात लावून पाहत होते. मग त्यांनी तो नाद सोडला.

मिरजगावात घराच्या अंगणात बाया जमल्या होत्या. मी आत गेले. पोर खरंच पायाळू होतं. सुईण जाणती होती, तिनं ओढाताण केली नव्हती, आणि त्यामुळंच पुढचं सोपं झालं. तिचे आणि माझे असे चार हात होते. मुलगी अगदी लहान वयाची, सतरा-अठराची असेल, पण सांगेन तसं करत होती. तिची आई उशाशी बसून तिचं डोकं धरून होती. दुपार कलायच्या सुमाराला मुलगी झाली. मी तिला उचललं तेव्हा ती एका ओंजळीत मावली. थोडा वेळ तिनं काहीच केलं नाही. मी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, आणि मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. उशाशी बसलेली आई तो आवाज ऐकून रडायला लागली.

बाहेर येऊन मी भावाला सांगितलं, की दोघींनाही दवाखान्यात न्यायला हवं. बाळंतीण फार थकली होती, आणि पोर इतकं लहान होतं की त्याला स्वतःची ऊब धरता येणार नव्हती. आधी मुलीची आई, म्हणजे आता बाळाची आजी, तयार होईना. पाचवी पुजायच्या आत लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायची त्यांच्यात रीत नव्हती. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचा हात धरून बाळाच्या तळव्यांवर ठेवला. तळवे गार होते. तिनं हात काढून घेतला नाही, तसाच ठेवला, आणि थोड्या वेळानं म्हणाली, “चला बाई. पाचवी तितंच पुजू.”

माझ्या बॅगेत शेकायच्या दोन रबरी पिशव्या होत्या. चुलीवरच्या गरम पाण्यानं त्या भरल्या, फडक्यात गुंडाळल्या, आणि कापसात बांधलेलं बाळ मधोमध ठेवून आजीच्या मांडीवर दिलं. बाळंतीण तिच्या शेजारी गोधडीत. भाऊ घरी राहिला. निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा सुटला होता.

घोगरगाव मागे पडलं तसं मी आजीला विचारलं, की पिशव्या ऊन आहेत का. ती म्हणाली, कोमट हायेत. आणखी काही मैल गेल्यावर पुन्हा विचारलं. आता ती पिशव्या नुसत्या चाचपत राहिली. मी मोटार थांबवून मागे हात घातला. पिशव्या जवळजवळ गार झाल्या होत्या. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं आणि पलीकडे माळ. दिवा म्हणून कुठं दिसत नव्हता. एखादी वस्ती शोधायची, चूल पेटवायला सांगायची, पाणी तापेपर्यंत थांबायचं, हे सगळं मी मनात आणलं आणि माझा धीर सुटायला लागला. ज्या दिवशी हीटर हवा त्याच दिवशी तो घरी चटईवर पडला होता.

मास्तर शांतपणे म्हणाले, “अगं, उकळत्या पाण्याची टाकी घेऊनच तर आपण हिंडतोय.”

ते खाली उतरले. मी आजीजवळचा पितळी तांब्या त्यांना दिला. मोटारीपुढे उकिडवं बसून त्यांनी खालची तोटी हलकेच उघडली. सकाळी त्यांनी तीच तोटी उघडून पाणी फेकून दिलं होतं. तांब्यात वाफाळतं लाल पाणी पडायला लागलं. मी पिशव्या धरल्या, त्यांनी नरसाळं लावून त्या भरल्या. आजी मागच्या खिडकीतून मान काढून पाहत होती. तिनं लेकीला सांगितलेलं मला ऐकू आलं.

“आगं, मास्तर मोटारीची धार काढत्यात.”

गोधडीतून बाळंतिणीच्या हसण्याचा आवाज आला. दुपारपासून तिचा मी ऐकलेला तो पहिला धड आवाज.

पिशव्या इतक्या कढत झाल्या की त्यांच्यावर मास्तरांचा कोट गुंडाळावा लागला. मागे ठेवलेल्या डब्यातलं गार पाणी मास्तरांनी इंजिन चालू ठेवून रेडिएटरमध्ये अगदी बारीक धारेनं ओतलं. घाई केली तर तापलेलं लोखंड तडकतं, हे त्यांना ठाऊक होतं. नगर येईपर्यंत आणखी एकदा धार काढावी लागली. त्या वेळी आजीनंच थांबवायला सांगितलं आणि तांब्या खिडकीतून स्वतः पुढे केला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाचे तळवे ऊन होते. नर्सनं दोघींना आत नेलं. मी हातपाय धुऊन बाहेर आले, तर मास्तर शर्टावरच पायरीवर बसले होते. त्यांचा कोट आत बाळापाशी होता. मी शेजारी बसले. आमच्या लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती आणि या आधी ते कधी माझ्याबरोबर बाळंतपणाला आले नव्हते. मिरजगावात ते सबंध वेळ बाहेरच्या ओट्यावर बसून होते. भिंतीपलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

“मी आजपर्यंत तुला दमून घरी आलेलीच पाहत होतो,” ते म्हणाले. “कशानं दमतेस ते पाहिलं नव्हतं.”

मी म्हटलं, की तुमचा जोड टिकला. ते म्हणाले, हो, आईच्या पडद्याची नळी चांगली जाड आहे.

बाळाला आम्ही संत्र्यांच्या एका खोक्यात कापूस घालून ठेवलं. दिवसरात्र पिशव्या बदलत होतो, आणि थेंबाथेंबानं आईचं दूध पाजत होतो. आजी खोक्यापासून हलायची नाही. पाचवी त्यांनी खरंच वॉर्डातल्या कोपऱ्यात पुजली. मिशनच्या मंडळींनी त्या दिवशी तिकडे पाहायचं टाळलं. सासूबाईंनी नाताळच्या करंज्या पाठवल्या, आणि आजीनं त्यातली एक पूजेत ठेवली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

नाताळ उरकल्यावर मास्तरांनी जाळीचं काम पुन्हा काढलं. या वेळी काठ नीट वाकला, जाळी बसली, पंखा फिरला, आणि मी पुन्हा पाठीवर पडून ते चार नट चढवले. नळ्या जोडल्या, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. सगळे मोटारीत बसलो. सासूबाई शाल पांघरून पुढे बसल्या होत्या. पंखा गार वारा फेकत राहिला. इंजिन तापलं, काटा वर गेला, तरी गारच. मास्तर उतरून बॉनेटखाली गेले. एक नळी गरम होती, दुसरी बर्फासारखी. पाणी जाळीत शिरतच नव्हतं. मी सुचवलं, की दोन्ही नळ्या उलट जोडल्या असतील. त्यांनी उलट जोडून पाहिल्या. तरी तेच.

मग मास्तर खुर्ची घेऊन मोटारीसमोर बसले आणि त्यांनी विचार केला. वर्गात ते पोरांना काचेच्या नळ्यांतून पाणी खेळवून दाखवायचे, त्यात हवेचा बुडबुडा अडकला की प्रयोग फसायचा. इथंही उंच झालेल्या जाळीच्या माथ्यावर हवा अडकली होती. त्यांनी वरची नळी थोडी सैल केली. आधी फुसफुस झाली, मग खुळखुळ, आणि मग एकदम पाण्याची चिळकांडी त्यांच्या चष्म्यावर आली. नळी आवळून ते चष्मा पुसत होते तोच आतून सासूबाई म्हणाल्या, की माझ्या पायांना शेक लागतोय. त्यानंतर त्या खाली उतरायला तयार नव्हत्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं ते दिवस, तरी आम्ही त्यांना स्टेशनपर्यंत एक फेरी मारून आणली.

जानेवारी सरता सरता बाळ खोक्यात मावेनासं झालं आणि आईच्या अंगावर ओढून पिऊ लागलं. त्यांना घरी सोडायला मी आणि मास्तर निघालो. सकाळची थंडी होती म्हणून मी हीटर लावला. थोड्या वेळात मोटार अशी तापली की आजीनं आधी शाल काढली, मग पदरानं वारा घ्यायला लागली.

“बाई, चुलीम्होरं बसल्यागत हुतंय,” ती म्हणाली. “जरा कमी करा की.”

मी पंखा बंद केला, पण गरम पाणी जाळीत येतच राहिलं. ते बंद करायची चावी इंजिनाशी होती आणि त्या दिवशी ती फिरेना. मास्तरांनी पक्कड लावून पाहिली, तिच्या मुठीचा तुकडा पडला. मग आम्ही सगळ्या काचा खाली केल्या आणि पौषाच्या त्या वाऱ्यात घाम पुसत मिरजगावात शिरलो. भाऊ वाट पाहत रस्त्यावर उभा होता. उघड्या खिडक्या पाहून त्याला वाटलं, की हीटर पुन्हा बिघडला.

त्यानं आम्हाला घरी न नेता आधी मळ्यात नेलं. ज्वारी हुरड्याला आली होती. शेकोटीत कणसं भाजून तो हातावर चोळून देत होता आणि मास्तर लसणाच्या चटणीबरोबर मुठीमुठीनं खात होते. बाळंतीण बांधावर ऊन खात बसली होती. भावाची पहिली मूठ तिच्यासाठी होती. तिनं त्यातला एक कोवळा दाणा बाळाच्या ओठांना नुसता लावला. बाळानं तोंड वेंगाडलं आणि मळ्यातले सगळे हसले. आजी म्हणाली, आवडलं न्हाई तिला, मास्तरला द्या.